नानांची शेवटची दाढी

नाना,

पाहुणे गेले. मंडपवाला ताडपत्री आणि खुर्च्या घेऊन गेला. आपला धाकटा विजय काल पुण्याला परतला. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला, बँकेचं झालं, रेशनकार्डाचं पुढच्या आठवड्यात. न फोडलेली औषधं मेडिकलवाल्यानं परत घेतली. तुमची काठी कुणाला द्यायची तेही ठरलं. यादीतलं जवळजवळ सगळं खोडून झालंय. तुम्ही माझ्या याद्यांना हसायचात. "सुमे, श्वास घ्यायचं लिवलंस का त्यात? न्हाईतर इसरशील," म्हणायचात. मला तेव्हा हसायला वेळ नसायचा. आता वेळ आहे, पण पाठ टेकली की उठावंसं वाटत नाही. वर्षभर गाव ते परभणी, परभणी ते गाव, ऑफिसचं स्टोअर, तुमची साखर, तुमची गोळी, तुमचं पथ्य. तेव्हा थकवा जाणवला नाही. तो कुठंतरी साठत होता आणि आता एकदम आलाय.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक चांगलं बोलले. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी, विहाराची कमिटी, पोरांना शाळेत घालण्यासाठी घरोघर फिरणं. त्यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. तुमच्या शेवटच्या दाढीबद्दल. फाट्यावरच्या सलूनवाल्या गजाननचा हात तुमच्या चेहऱ्याला लागू द्यायचा की नाही, हे त्या दिवशी मला ठरवावं लागलं. आयुष्यभर ते तुम्हीच ठरवत आला होता. बरोबर केलं का, हे विचारायला आता तुम्ही नाही.

तुम्ही ऐकत नाही हे मला माहीत आहे. माणूस गेला की गेला, मागं आत्मा-बित्मा फिरत नसतो, हे तुम्हीच शिकवलंत. पण तुमच्याशी वाद घालायची सवय एवढी जुनी आहे, की समोर कुणी नसलं तरी तोंड चालूच राहतं.

वस्तऱ्याची गोष्ट तुम्ही सांगायचात तशी मला पाठ आहे. तुमच्या लहानपणी गावातला न्हावी आपल्या वस्तीतल्या माणसाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. माणसं वाढल्या दाढीनंच लग्नाला जायची, बाजाराला जायची, आणि मग गाव म्हणायचं, ही माणसं घाणेरडी राहतात. तुम्ही हे सांगताना आवाज चढवायचा नाहीत. "आधी पानी बंद करायचं आन मग म्हनायचं अंगाला वास येतो, तसंच ते," एवढंच. धम्म घेतल्यावर आजोबांनी मानवतच्या बाजारात एका म्हाताऱ्या हज्जामाकडून जुना वस्तरा घेतला आणि दगडही. त्यानंच त्यांना धार लावायला शिकवलं. तेव्हापासून वस्तीतली माणसं लिंबाखाली बसून एकमेकांची दाढी करायला लागली. नियम असा होता, की ज्याची दाढी झाली त्यानं उठून पुढच्याची करायची. म्हणजे कुणी एक माणूस न्हावी व्हायला नको. हा नियम कुणी काढला हे तुम्हाला सांगता यायचं नाही, पण तो मोडलेला तुम्हाला चालायचा नाही.

पुढं तुम्ही जिनिंगमध्ये लागलात आणि तिथून मशीनच्या जुन्या पट्ट्याचा एक तुकडा आणलात. जाड सुती पट्टा, मशीनच्या तेलानं काळा पडलेला. तो खांबाच्या हुकाला अडकवून त्यावर वस्तरा फिरवायचात. सकाळी आधी तो आवाज यायचा आणि मग आईचा, "चहा निवायलाय." चपट, चपट, दोन्ही बाजूंनी, घाई नाही. आम्हाला शाळेसाठी वेगळं उठवावं लागायचं नाही. दाढी झाल्याशिवाय तुम्ही शेतात, बाजारात, कुठंच गेला नाहीत. मला हे आवडायचं. माझा नीटनेटकेपणा तुमच्याकडून आलाय हे तुम्हाला मान्य नव्हतं. तुम्ही म्हणायचात, तो तुझ्या आईचा, माझी फक्त दाढी.

मग दिवस बदलले. फाट्यावर गजाननच्या वडिलांनी सलून टाकलं आणि त्यांच्या खुर्चीवर कुणीही बसायला लागलं. लिंबाखालची माणसं एकेक करून तिकडं गेली. विजयनं मिसरूड फुटल्यावर पहिली दाढी तिथंच केली. तुम्ही त्याला एका शब्दानं बोलला नाहीत. गजानन तर माझ्यापेक्षाही लहान, अहो-जाहो की अरे-तुरे ते वय बघून ठरवणारा, भेदभाव ठाऊक नसलेला माणूस. तुमची आणि त्याची गट्टी जमली तेव्हा मला वाटलं, आता हे बसतील. बसलात, पण बाकावर. रोज सकाळी घरून गुळगुळीत दाढी करून सलूनमध्ये जायचं, बाकावर बसून पेपर वाचायचा, त्याच्या चहातला अर्धा चहा प्यायचा, गिऱ्हाइकाशी राजकारणावर भांडायचं आणि उठून यायचं.

"नाना, खुर्ची रिकामी हाय," गजानन म्हणायचा.

"मग पुसून ठेव."

"एक डाव बसून तर बघा. कलिंगडावानी करून देतो गाल."

"कलिंगड बाजारात लय मिळतेत. पेपरचं पान पलट, आतलं वाचायचंय."

हे संवाद एवढे ठरलेले होते, की गिऱ्हाइकंसुद्धा मधे बोलायची नाहीत.

दसऱ्याला त्यानं सलूनमध्ये हत्यारांची पूजा मांडली होती, ते आठवतं? कात्र्या, मशीन, कंगवे आणि मधे त्याच्या आज्याचा वस्तरा, गंजून लाल झालेला. त्याच आज्याचा, ज्यानं तुमच्या वडिलांना दारातून परत पाठवलं होतं. आम्ही त्या दिवशी विहारातला कार्यक्रम आटोपून फाट्यावर आलो होतो, पांढरे कपडे अंगावर. तुम्ही त्या वस्तऱ्याकडं बघत उभे राहिलात. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. आणि तुम्ही बोललात.

"गंजलेल्या पात्याची पूजा करायलास का? आज्या काय म्हनंल तुजा?"

"धार कोन लावनार, नाना? आता आमी सगळे अर्ध्या ब्लेडवाले, वापरलं की फेकलं. मला कुठं येतंय ते."

"दे इकडं."

तो वस्तरा तुम्ही घरी आणलात. कितीतरी दिवस दगडावर घासत होतात. आधी गंज गेला, मग पात्यावरचे खड्डे, मग धार आली आणि वस्तरा त्याच्या सलूनमध्ये परत गेला. गजानननं सोबत आज्याचा चामड्याचा पट्टाही दिला होता, तो तुम्ही तसाच परत केलात. "चामड्याचं काम आमच्या बापानं सोडलं. आता म्हातारपनी मी कशाला धरू?" गजानन हसला, तुम्हीही हसलात, मला मात्र हसू आलं नाही. मी घरी येताना विचारलं, तुम्ही त्याच्या आज्याच्या वस्तऱ्याला धार लावता आणि नातवाच्या खुर्चीवर बसत नाही, ह्याचा अर्थ काय?

"पातं चांगलं हाय. चांगलं पोलाद वाया जाऊ द्यायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. हे काही उत्तर नव्हतं. मी तुमच्याकडून मिळालेली उत्तरं मनात मांडून ठेवली होती. एकदा म्हणालात, त्याच्या बोटांना तंबाखूचा वास येतो. एकदा म्हणालात, ती खुर्ची फिरती आहे, मला गरगरतं. एकदा म्हणालात, माझी हनुवटी वाकडी आहे, ती मलाच कळते. एकही कारण पटण्यासारखं नव्हतं आणि प्रत्येक वेळी तुम्ही ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचात. नानांना पकडणं म्हणजे ओल्या साबणाला पकडणं, असं आई होती तेव्हा म्हणायची.

मग अर्धांगाचा झटका आला आणि तुमचा उजवा हात गेला.

दवाखान्यातून आणलं तेव्हा सगळं सांभाळता येईल असं मला वाटलं होतं. मी वेळापत्रक केलं, पथ्याचं पान फ्रिजवर लावलं, व्यायामासाठी रबरी चेंडू आणला. दाढीचं काय ते मात्र माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्याच सकाळी तुम्ही डाव्या हातात वस्तरा घेऊन आरशासमोर बसलात. हनुवटीखाली कापलं. साखरेमुळं ती जखम चिघळली. परभणीचे डॉक्टर मलाच रागावले, जणू वस्तरा मी चालवला होता. ते म्हणाले, दाढी वाढू द्या, नाहीतर ट्रिमर घ्या. मी ट्रिमर आणला. तुम्ही एकदा फिरवलात, गालावरून हात फिरवलात आणि खाली ठेवलात.

"सोयाबीन काढल्यावर मागं खुटं ऱ्हातेत, तसं झालंय तोंड."

"मग गजाननला घरी बोलावते. तो आनंदानं येईल."

"न्हाई."

"मग मी करते."

"तू फक्त धार लाव. पातं बोथट हाय म्हनून कापलं. धार असली की कापत न्हाई."

मला हे उलटंच वाटलं होतं. पण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात घसरतो, हे तुम्ही समजावलंत तेव्हा पटलं. धार असलेलं पातं स्वतःच्या वजनानं चालतं. अशी मी त्या कामाला लागले. संध्याकाळी ऑफिसहून यायचं, हातपाय धुवायचे आणि तुमच्या खाटेजवळ दगड घेऊन बसायचं.

दगडावर पाणी घ्यायचं. पातं पूर्ण आडवं ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. धार पुढं करून ढकलायचं, साय काढल्यासारखं. टोकाशी आलं की पाठीवर पलटवायचं, धारेवर कधीच नाही. मग परत. पाठ उचलली गेली की धार मेली. हे सगळं सांगायला सोपं आहे.

"दाबायलीस."

"नाही दाबत."

"दाबायलीस म्हनतो ना. आवाज ऐक. धार लावायलीस का पीठ दळायलीस?"

"नाना, मी दिवसभर काम करून आलेय."

"मग आज ऱ्हाऊ दे. चिडून धार लागत न्हाई."

मी राहू द्यायचे नाही. मला सुरू केलेलं काम अर्धवट सोडता येत नाही आणि तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तर म्हणायचात. हळूहळू आवाज कळायला लागला. आधी खरखर असते. मग ती बारीक होत जाते आणि शेवटी पातं पाण्याला चिकटून चालल्यासारखं लागतं, आवाज जवळजवळ बंद. तेव्हा दगड पुरे. पुढचं काम पट्ट्याचं. पट्ट्यावर सगळं उलटं, पाठ पुढं आणि धार मागं ओढत न्यायची. पहिल्या दिवशी मी सवयीनं धारच पुढं ढकलली आणि तुमच्या जिनिंगच्या पट्ट्याला खाच पाडली. मी घाबरून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हसत होतात. हात गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदा हसलात, अर्ध्याच तोंडानं, कारण दुसरं अर्धं अजून वळत नव्हतं. "जिनिंगच्या मालकाचं नाक मला कापता आलं न्हाई, तू त्येचा पट्टा कापलास," म्हणालात. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन खाचा पाडल्या असत्या.

धार बघायची ती तुम्हीच. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. डाव्या हातानं वस्तरा त्याच्यावरून अलगद फिरवायचात, केस उडाले तर पास. ज्या हाताला काही कळत नव्हतं, त्याच हातावर तुम्ही माझी परीक्षा घ्यायचात. काही महिन्यांत तुमचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत झाला होता. त्यानंतर जखम झाली नाही, नाना. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दाढी तुम्ही डाव्या हातानं करायचात, मी आरसा धरायचे. खूप वेळ लागतोय असं मला वाटायचं, भाकरी टाकायची असायची, कपडे भिजलेले असायचे. तुम्हाला घाई नव्हती. तेव्हा एकदा मी सरळ विचारलं. थकले होते, म्हणून शब्द जरा कडक आले.

"आज्यानं नाही म्हटलं, म्हणून नातवाला शिक्षा का?"

तुम्ही वस्तरा थांबवलात. "शिक्षा कुठं? रोज त्याचा चहा पितो. पोरगं सोनं हाय."

"मग बसत का नाही?"

तुम्ही आरशात माझ्याकडं नाही, स्वतःकडं बघत होतात. "बसलो की इसरल्यावानी व्हतंय, सुमे."

मी म्हणाले, विसरलं तर काय बिघडलं? गजानन विसरला नाही, त्याला कधी ठाऊकच नव्हतं. विजयच्या पोरांना तर सांगितलं तरी खरं वाटत नाही. तुम्ही एकटे किती वर्षं लक्षात ठेवणार?

"म्हनून तर," तुम्ही म्हणालात आणि गालाला साबण लावायला लागलात. मला अजून बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं, की लक्षात ठेवण्याचे दुसरे मार्ग आहेत, रोज स्वतःच्या हनुवटीशी झटापट करण्यापेक्षा बरे. तवा तापला होता. मी उठले. पुन्हा तो विषय निघाला नाही आणि मग तुम्हाला दुसरा झटका आला.

परभणीच्या दवाखान्यात दाढी वाढली. मी वस्तरा पिशवीत नेला होता, पण नाकातोंडात नळ्या होत्या आणि नर्सनं पिशवी बघूनच नाही म्हटलं. एका सकाळी तुम्ही गेलात. अँब्युलन्समध्ये मी तुमच्या शेजारी बसले होते. रस्ताभर मला तुमची पांढरी खुटं दिसत होती. रडू येत नव्हतं. मी मनात कामं लावत होते: जिंतूरच्या पाहुण्यांना फोन, भंतेजींना निरोप, पांढरे कपडे, लाकडं. आणि दाढी.

घरी पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. विजय पुण्याहून येऊन थांबला होता. आणि लिंबाखाली गजानन, हातात त्याची पेटी. फाट्यावरचं सलून त्यानं बंद केलं होतं. तो पुढं आला नाही. विजयच माझ्याकडं आला.

"अक्का, अंघोळ घालायच्या आधी दाढी करून घेऊ. गजानन आलाय. पटकन करेल."

"नाना त्याच्याकडून करून घ्यायचे नाहीत, विजय."

"ते आता नाहीत, अक्का. त्यांना काय कळणार?"

"म्हणूनच."

त्याला कळलं नाही. खरं तर मलाही ते शब्द तोंडातून निघाल्यावरच कळले. इतकी वर्षं मी तुमच्याशी ह्याच बाजूनं भांडले होते. बसा, विसरा, पोरगं चांगलं आहे. आणि आता हा वाद जिंकणं एवढं सोपं झालं होतं, की फक्त मान हलवायची होती. तुम्ही नाही म्हणणार नव्हता. नाही म्हणता न येणाऱ्या माणसाकडून हो वदवून घ्यायचं, हे मला जमेना. दुसरीकडं, तो माणूस लिंबाखाली पेटी घेऊन उभा होता. सगळ्या गावासमोर त्याला परत पाठवायचं, म्हणजे मी तेच करणार होते जे त्याच्या आज्यानं केलं. मला दोन्ही नको होतं आणि जिंतूरच्या पाहुण्यांची गाडी निघाली होती.

मी गजाननकडं गेले. तोच आधी बोलला.

"अक्का, मी करू का? तुमी म्हनाल तसं."

"तुला माहीत आहे ना, ते कधी बसले नाहीत."

"माहीत हाय. म्हनून तर हितं उभा हाय. आत आलो न्हाई."

"धार मी लावते," मी म्हणाले. "दाढी मीच करते. तू जवळ थांब."

त्यानं पेटी खाली ठेवली. चेहरा पडला का नाही, मी बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित बेत बदलला असता.

मी दगड आणला. दवाखान्याच्या दिवसांत वस्तरा पिशवीत ओला राहिला होता आणि धारेवर बारीक डाग पडले होते. बायका बघत होत्या. पाठ सारखी उचलली जात होती. खरखर काही केल्या कमी होईना. दोनदा थांबले. चिडून धार लागत नाही, हे आठवलं, पण मी चिडले नव्हते, थकले होते, आणि थकल्यावर काय करायचं ते तुम्ही शिकवलं नव्हतंत. मग मी फक्त आवाज ऐकत राहिले. शेवटी तो बारीक झाला.

पट्ट्याच्या हुकाला मंडपाची दोरी बांधलेली होती. पट्टा एका हातात धरून दुसऱ्या हातानं वस्तरा ओढायला गेले तर पट्टा लोंबत होता. लोंबत्या पट्ट्यावर धार गोल होते. गजानन पुढं आला आणि त्यानं दुसरं टोक धरलं, घट्ट ताणून.

"ब्लेड यायच्या आधी बाप मला असंच धरायला लावायचा," तो म्हणाला. "तेव्हा लय कटाळा यायचा."

मी वस्तरा फिरवला, पाठ पुढं, धार मागं. मधे त्यानं एकदा टोक जरा खाली घेतलं, मला सोयीचं व्हावं म्हणून. माझ्या हातावरचे केस उडाले तेव्हा थांबलो.

नाना, मी कधी कुणाची दाढी केली नव्हती. गरम पाण्याचं फडकं तुमच्या गालावर ठेवलं तरी गाल गरम होत नव्हते. कातडी ओढली की ओढलेलीच राहत होती. कापलं तर रक्त येणार नव्हतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. विजयनं तुमचं डोकं मांडीवर घेतलं. गजानन शेजारी उकिडवा बसला, हात पाठीमागं घेऊन, एकात एक अडकवून. मधे मधे हळू आवाजात सांगत होता. "वरून खाली घ्या, अक्का." "नाकाखाली टोकानं." "आता पातं धुवा." तुमची हनुवटी खरंच वाकडी आहे. डावीकडं एक खड्डा आहे, तिथं पातं दोनदा अडकलं. तुम्ही दिलेल्या कारणांपैकी एक तरी खरं निघालं.

खूप वेळ लागला. जिंतूरची माणसं आली, चपला काढून उभी राहिली. भंतेजी आले आणि त्यांनी कुणाला घाई करू दिली नाही. शेवटचा साबण मी ओल्या फडक्यानं पुसला. तुमचं तोंड पुन्हा तुमचं झालं होतं, फाट्यावर पेपर वाचायला निघाल्यासारखं. मी वस्तरा मिटला.

तेवढ्यात गजाननचा हात पुढं आला. तो विचार करून आला नाही. दाढी झाली की न्हाव्याचा तळहात केसांच्या उलट दिशेनं गालावरून फिरतो, राहिलं-सुटलं कळावं म्हणून. तेच काम करत आलेला हात, तसाच आला. तुमच्या गालावरून कानापर्यंत गेला, परत खाली आला आणि जबड्याखाली थांबला. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. हात ओढून घ्यावा की राहू द्यावा हे त्याला कळत नव्हतं, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

अंगणातले सगळे बघत होते. मी त्याला हात काढ म्हणाले नाही. राहू दे, असंही म्हणाले नाही. तुम्ही रागावला असता, का हसला असता, का आतलं पान पलट म्हणाला असता, मला खरंच ठाऊक नाही. इतकी वर्षं तुमच्या उत्तरांचा अंदाज बांधण्यात गेली आणि त्या वेळी एकही सुचलं नाही.

"अक्का," गजानन म्हणाला, "हितं जरा ऱ्हायलंय."

मी वस्तरा पुन्हा उघडला. त्यानं दोन बोटांनी ती जागा ताणून धरली आणि मी तेवढं काढलं.